सफेद मुसळी : ओळख, लागवड आणि गावाचे कर्तव्य

वर्धा जिल्हा म्हटला म्हणजे सेवाग्राम, पवनार आणि मगनवाडी यांचे स्मरण प्रथम होते. शेतीचा विषय निघाला की कापूस, सोयाबीन व तूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांतील संत्री, तसेच समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद ही नावे पुढे येतात. या यादीत जिचे नाव सहसा घेतले जात नाही, परंतु जिच्या नावावर विदर्भातील अनेक शेतकऱ्यांनी कधी काळी मोठ्या आशा बांधल्या होत्या, अशी एक वनस्पती म्हणजे सफेद मुसळी होय. पावसाळ्याच्या आरंभी जमिनीतून वर येणारी, पांढऱ्या फुलांचा तुरा मिरविणारी आणि दिवाळीपूर्वीच दृष्टीआड होणारी ही बहुवर्षायू वनस्पती दिसावयास साधी आहे. तिचे मोल मात्र तिच्या जमिनीखालील मांसल मुळांत आहे.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून पुढील काही वर्षे महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांत सफेद मुसळीच्या लागवडीची एक लाटच येऊन गेली. नोव्हेंबर २००० मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. या मंडळाने प्राधान्याच्या ज्या ३२ वनस्पती निवडल्या त्यांत सफेद मुसळीचा समावेश होता. आयुर्वेदात ही मुळे बलवर्धक मानली आहेत आणि औषध कारखान्यांकडून त्यांना मागणी आहे, ही वस्तुस्थिती होती. परंतु या वस्तुस्थितीच्या आडोशाने महागड्या बेण्याचा व्यापार फोफावला. खरेदीची हमी देणारे पुष्कळ निघाले, प्रत्यक्ष खरेदीस येणारे थोडे. पुढे भाव उतरले आणि कर्ज काढून बेणे घेतलेल्या शेतकऱ्यास नुकसान सोसावे लागले. शेतीच्या अरिष्टामुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी मदतीची योजना घोषित केली, त्यांत वर्धा जिल्हाही होता. अशा जिल्ह्यात नव्या पिकाची माहिती अर्धवट राहणे परवडणारे नाही.

या साऱ्या अनुभवाचा इत्यर्थ एका वाक्यात सांगता येईल : वनस्पती ओळखल्यावाचून तिचे बेणे घेऊ नये, बाजार पाहिल्यावाचून तिचे क्षेत्र वाढवू नये आणि बी पडल्यावाचून तिला रानातून खणू नये. प्रस्तुत लेखात या तिन्ही गोष्टींचा क्रमाने विचार केला आहे.

एक नाव, अनेक वनस्पती

‘मुसळी’ हे एका वनस्पतीचे नाव नाही. बाजारात या नावाखाली निरनिराळ्या कुलांतील मुळे विकली जातात. ‘काळी मुसळी’ ही पूर्णतः वेगळी वनस्पती असून तिची पाने घडीदार, ताडाच्या रोपासारखी असतात व फुले पिवळी आणि जमिनीलगत येतात. ‘सेमल मुसळी’ म्हणजे काटेसावरीच्या कोवळ्या रोपाचे मूळ. उत्तर भारतात शतावरीच्या एका भाईबंदाची सोललेली मुळे ‘सफेद मुसळी’ या नावानेच विकली जातात. आपल्याकडील शतावरीची सोलून वाळविलेली मुळेही वरवर पाहणाऱ्यास मुसळीसारखीच भासतात.

आपल्या राज्यात लागवडीखाली असलेल्या सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम असे आहे. या नावातील दुसरा शब्द मुंबईच्या बोरिवलीवरून आलेला आहे, हे अनेकांस ठाऊक नसेल. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५५ साली या जातीचे प्रथम शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. फादर सांतापाव हे पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. ज्या वनस्पतीचे नामकरणच महाराष्ट्रातील एका गावावरून झाले, तिची खरी ओळख महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत नसावी, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

ही वनस्पती कोकणातील गृहिणीस मात्र अपरिचित नाही. पहिल्या पावसानंतर उगवणारी मुसळीवर्गीय वनस्पतींची कोवळी पाने तेथे ‘कुलू’ किंवा ‘फोडशी’ या नावाने भाजीसाठी बाजारात येतात. कोकणातील रानभाजी आणि विदर्भातील औषधी मुळी ही एकाच घराण्यातील होत.

फुलावरून कुल ओळखावे

शिक्षकांना विद्यार्थ्यांसमवेत आणि ग्रामपंचायत सदस्यांना शेताच्या बांधावर करता येईल अशी ओळखीची रीत अत्यंत सोपी आहे. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. एक फूल, एक टाचणी आणि दोन प्रश्न पुरेसे आहेत.

आपल्या बागांत आणि रानात सहा पाकळ्यांची पांढरी फुले देणाऱ्या, लांबट पानांच्या व जमिनीत कंद अथवा जाड मुळे असलेल्या अनेक वनस्पती आहेत. या पाकळ्यांना शास्त्रात परिदले म्हणतात. पहिला प्रश्न असा की, फुलात पुंकेसर किती आहेत? दुसरा असा की, पुढे ज्याचे फळ होते तो किंजपुट परिदलांच्या वर आहे की खाली?

पुंकेसर तीन आणि किंजपुट परिदलांच्या खाली, असे आढळल्यास ती वनस्पती इरिडेसी अर्थात केसर कुलातील समजावी. हारतुऱ्यांसाठी व पुष्पगुच्छांसाठी लावला जाणारा पांढरा ग्लॅडिओलस हे याचे घरोघरी मिळणारे उदाहरण होय. या कुलातील बहुतेकांची पाने तलवारीसारखी असून ती बुंध्याशी एकमेकांना कवटाळून पंख्याप्रमाणे एकाच पातळीत पसरतात. काश्मीरचे केशर हेही याच कुलातील, आणि त्याच्या फुलातही पुंकेसर तीनच असतात. केशर म्हणून वापरले जातात ते मात्र पुंकेसर नसून स्त्रीकेसराचे लाल अग्रभाग होत.

पुंकेसर सहा आणि किंजपुट खाली, असे असेल तर ती केसर कुलातील नव्हे. पावसाच्या पहिल्या सरीनंतर बागेत उमलणारी पांढरी लिली व सुवासिक निशिगंध ही या प्रकारची उदाहरणे आहेत.

पुंकेसर सहा आणि किंजपुट परिदलांच्या वर, फुलाच्या मध्यभागी उघडा दिसणारा, अशी रचना असेल तर आपण मुसळीच्या जवळ पोहोचलो. जुन्या वर्गीकरणात अशा वनस्पती लिलिएसी अर्थात पलांडू कुलात घालीत असत. आधुनिक वर्गीकरणानुसार मुसळीचा समावेश शतावरीच्या कुलात करण्यात आला आहे. केसर कुल, निशिगंधाचा गट आणि मुसळी ही सारी एकाच गणातील असल्यामुळे त्यांच्यात साम्य दिसते, आणि म्हणूनच नुसत्या पांढऱ्या फुलावर विसंबून चालत नाही.

अनेक कार्यालयांच्या व्हरांड्यांत टांगलेल्या कुंडीतून हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाने व लोंबती पिले सोडणारे एक शोभेचे झाड असते. ते मूळचे आफ्रिकेतील असून मुसळीच्याच वंशातील आहे. त्याचे लहानसे पांढरे फूल जवळून पाहिले तर मुसळीच्या फुलाची रचना वर्षातील कोणत्याही महिन्यात अभ्यासता येते. शिक्षकांनी या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा.

सफेद मुसळीची खास लक्षणे

कुल व वंश ओळखल्यानंतर जात ओळखावयाची असते. सफेद मुसळीची पाने थेट जमिनीतून निघतात. त्यांची संख्या साधारणपणे सहा ते तेरा असते आणि ती बुंध्याशी एकमेकांवर दुमडल्यासारखी, फिरत्या क्रमाने बसविलेली असतात. ही रचना ग्लॅडिओलसच्या पंख्याहून वेगळी आहे. पानांच्या मधून वीत-दीड वीत उंचीचा, फांद्या नसलेला एकच दांडा निघतो. त्यावर पांढरी फुले एकाआड एक झुपक्यांनी येतात आणि बहुधा प्रत्येक झुपक्यात तीन फुले असतात. पुंकेसर पिवळे असून त्यांचे परागकोश तंतूंपेक्षा लांब असतात. फळ म्हणजे तीन धारांचे लहानसे बोंड. त्यातील काळे बी कांद्याच्या बियांसारखे दिसते. फुलोऱ्याचा काळ जुलै-ऑगस्टचा.

विदर्भातील पानझडी वनांत याच वंशातील आणखी एक जात आढळते, तिचे नाव क्लोरोफायटम ट्युबरोसम. हिची फुलेही पांढरीच, परंतु अधिक मोठी व सुवासिक असतात. दोहोंतील सर्वांत खात्रीचा भेद जमिनीखाली आहे. लागवडीच्या सफेद मुसळीत मांसल मुळे बुंध्यापासूनच सुरू होतात आणि बोटांच्या जुडग्याप्रमाणे खाली लोंबतात. दुसऱ्या जातीत बुंध्यापासून आधी बारीक, तारेसारखी मुळे निघतात व त्यांच्या टोकांशी लहान कंद लटकलेले असतात. बेणे घेताना हा भेद उघड्या डोळ्यांनी दिसतो. ज्या बेण्यात बुंधा आणि मुळी यांच्यामध्ये तार आहे, ते लागवडीच्या मुसळीचे नव्हे.

येथे एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. पाने वाळून गेल्यावर रानात केवळ कंदावरून वनस्पती ओळखण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. याच रानांत कळलावी अथवा खड्यानाग ही वेल वाढते. तिचे कंद अत्यंत विषारी असतात. ती हिरवी असताना पानाच्या टोकाशी असलेल्या ताणामुळे व लाल-पिवळ्या फुलांमुळे सहज ओळखू येते, तिचा कंद नांगराच्या आकाराचा वाकडा असतो आणि त्यावरूनच तिला संस्कृतात लांगली हे नाव पडले. परंतु वेल वाळून कंद तुटल्यावर ही खूण उरत नाही. विद्यार्थ्यांना कोणताही रानकंद चाखून पाहू देऊ नये. रानभाजीची कोवळी पानेही जाणत्या माणसाने दाखविल्याशिवाय खुडू नयेत, कारण लिलीवर्गीय वनस्पतींची पाने कोवळेपणी एकसारखी दिसतात आणि त्यांपैकी काही विषारी आहेत.

शंभर दिवसांचे जीवन

सफेद मुसळीची लागवड समजून घ्यावयाची तर तिचे वार्षिक चक्र ध्यानी घेतले पाहिजे. जूनमध्ये पावसाची ओल मिळताच बुंध्यावरील डोळा फुटतो आणि आठवडा-दहा दिवसांत पाने वर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये फुले येतात व पाठोपाठ बी धरते. सप्टेंबरच्या अखेरीपासून पाने पिवळी पडून गळू लागतात. अशा रीतीने सुमारे शंभर दिवसांतच जमिनीवरील भाग नाहीसा होतो. या थोड्या अवधीत पानांनी तयार केलेले अन्न मुळांत साठते. पुढील दोन-तीन महिने मुळे जमिनीतच पक्व होतात. त्यांचा फिकट रंग तपकिरी व मग काळपट होऊ लागतो.

यातून शेतकऱ्यासाठी दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, या शंभर दिवसांत तणांची स्पर्धा झाली अथवा पाणी साचून पाने सडली, तर गेलेला काळ पुन्हा भरून काढता येत नाही. दुसरा असा की, पाने गळताच घाईने केलेली काढणी म्हणजे अपक्व माल होय. असा माल वाळल्यावर सुरकुततो व वजनात घटतो.

जमीन आणि बेणे

वर्धा जिल्ह्यात दोन भिन्न प्रकारच्या जमिनी आहेत. दक्षिणेकडे हिंगणघाट व समुद्रपूर भागांत कापसाची काळी, भारी जमीन मोठ्या प्रमाणावर आढळते. उत्तरेकडे आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांत उंचसखल भूभाग, मुरमाड व हलकी जमीन आणि पानझडी वने आहेत. मुसळीस पाण्याचा उत्तम निचरा होणारी, भुसभुशीत, वाळूमिश्रित पोयट्याची जमीन मानवते. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी धरून राहते आणि मुळे कुजतात. उन्हाळी भेगांमुळे व घट्टपणामुळे काढणीतही मुळे तुटतात. अगदी उथळ बरड जमिनीत मुळांना खोली मिळत नाही. म्हणून नदी-नाल्यांकाठची गाळमिश्रित हलकी जमीन किंवा भरपूर शेणखत घालून सुधारलेली मध्यम जमीन निवडावी. जिल्ह्यात सरासरी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो एकाएकी पडल्यास निचऱ्याची कसोटी लागते. यास्तव सपाट वाफ्यांऐवजी गादीवाफे करणे अनिवार्य समजावे.

बेण्याविषयी एक नियम कधीही विसरू नये : मुळीला बुंध्याचा तुकडा असेल तरच ती उगवते. मुळीच्या वरच्या टोकाशी असलेल्या चकतीसारख्या भागावर डोळे असतात. तो भाग तुटलेली मुळी कितीही जाड व टवटवीत असली तरी ती बेणे नव्हे, तो केवळ औषधी माल होय. ज्यांची फसगत झाली, त्यांच्यापैकी पुष्कळांना हा एवढाच भेद कोणी समजावून सांगितला नव्हता. बेण्याची मुळी पाच ते दहा ग्रॅम वजनाची, निरोगी, साल न खरचटलेली असावी. बियांपासूनही रोपे होतात, परंतु बियांची उगवण कमी असते व अशा रोपांपासून पुरेशी मुळे मिळण्यास अधिक काळ लागतो.

वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हळदीचे बेणे वर्षानुवर्षे राखणारे हात या जिल्ह्यात आहेत. बेणे सावलीत ठेवणे, कुजके वेगळे काढणे व डोळा जपणे ही विद्या त्यांना शिकवावी लागणार नाही. मुसळीच्या बेण्यालाही तीच काळजी लागते.

लागवड ते काढणी

मे महिन्यात जमीन नांगरून तापू द्यावी. चांगले कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. कच्चे शेणखत घातल्यास हुमणी व वाळवी यांचा उपद्रव वाढतो. निंबोळी पेंड मिसळणे हितकारक असते. सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीचे व वीतभर उंचीचे गादीवाफे करून दोन वाफ्यांमध्ये ४५ सेंटिमीटरची सरी ठेवावी. मूळकुज टाळण्यासाठी बेणे लावण्यापूर्वी ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीच्या द्रावणात बुडवून सावलीत सुकवावे.

मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर दोन ओळींत ३० आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर राखून लागवड करावी. बुंध्याचा भाग वरच्या बाजूस ठेवून त्यावर बोटभर मातीचा थर द्यावा. पावसाने उघड दिल्यास हलके ओलीत करावे. पहिल्या दोन महिन्यांत दोन-तीन निंदण्या हातानेच कराव्या लागतात. मुळे वरच्या थरात असल्यामुळे डवरणी उपयोगाची नाही. मुळांना इजा होईल अशी कोणतीही मशागत करू नये.

पाने गळाल्यानंतर वाफ्यांची जागा दिसेनाशी होते, म्हणून खुंट्या रोवून ठेवाव्यात. या काळात जमीन किंचित ओलसर राहील इतपतच पाणी द्यावे. जंगलालगतच्या गावांत रानडुकरांचा उपद्रव सर्वश्रुत आहे. जमीन उकरणाऱ्या या प्राण्यापासून कंदपिकाला विशेष धोका असल्याने कुंपणाचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात साल काळपट झाल्यावर वाफा हलका ओलावून कुदळीने सबंध जुडगा अलगद उचलावा.

साल काढणे व वाळविणे

हळद उकडून वाळवितात, मुसळी मात्र उकडावयाची नसते. काढलेली मुळे धुऊन, बेण्यासाठी लागणारे जुडगे वेगळे करून, उरलेल्या मुळ्यांची साल बोथट सुरीने अथवा काचेच्या कडेने खरवडून काढतात. सोललेली मुळी पुन्हा स्वच्छ पाण्याने धुऊन, कापडावर पसरून चार ते सात दिवस उन्हात वाळविली जाते. ती पांढरी, कडक व मोडताच तुटणारी व्हावी. ओलसर राहिल्यास बुरशी येते आणि माल काळवंडतो. जमिनीवर, धुळीत वाळविलेल्या मालाला भाव मिळत नाही. मजुरीचा मोठा वाटा या कामात खर्ची पडतो. म्हणून महिला बचत गटांना या कामात स्थान देता येईल, परंतु मजुरीचा दर आधी ठरवूनच.

हिशेब कागदावर मांडावा

आता या पिकाच्या अर्थकारणाकडे वळू. वर सांगितलेल्या अंतराने एक एकरात किती रोपे बसतात? एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यातील एक तृतीयांश जागा सऱ्यांत जाते, उरतात सुमारे २,७०० चौरस मीटर. चौरस मीटरला २२ रोपे या हिशेबाने सुमारे ६०,००० मुळ्या लागतात. सरासरी सात ग्रॅम वजन धरल्यास बेणे सव्वाचार क्विंटलच्या घरात जाते. लागवडीच्या खर्चात सर्वांत मोठी रक्कम हीच असते.

उत्पन्नाचा हिशेबही असाच करावा. समजा, एकरी १५ क्विंटल ओली मुळे निघाली. पुढील वर्षाच्या बेण्यासाठी, साठवणुकीतील तूट धरून, पाच क्विंटल बाजूस ठेवली. उरलेली दहा क्विंटल सोलून वाळविल्यावर त्यांचे वजन साधारणतः सहाव्या-पाचव्या हिश्श्यावर येते, म्हणजे हाती येणारा विक्रीयोग्य माल सुमारे दीड ते दोन क्विंटल. पंधरा क्विंटल ओल्या मुळ्यांना वाळलेल्या मुसळीच्या दराने गुणून दाखविलेला नफा हा कागदावरचा नफा होय. शंका असल्यास पाच किलो मुळे घरी सोलून, लागलेला वेळ मोजून व वाळल्यावर वजन करून पाहावे. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा हा प्रयोग अधिक विश्वसनीय ठरेल.

दुसरी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. लाटेच्या काळात अनेकांनी मिळविलेला पैसा वाळलेल्या मुसळीचा नव्हता, तो बेण्याचा होता. एक शेतकरी दुसऱ्यास व दुसरा तिसऱ्यास बेणे विकत होता. नवे शेतकरी येत राहतात तोपर्यंतच असा व्यवहार चालतो. ते थांबताच बेण्याला गिऱ्हाईक उरत नाही, आणि मग साऱ्यांचा माल औषधाच्या बाजारात एकाच वेळी उतरतो व भाव कोसळतो. म्हणून हे पीक परवडते किंवा नाही याचा निर्णय केवळ वाळलेल्या मालाच्या दरावरून करावा. बेण्याच्या विक्रीचे उत्पन्न शून्य धरूनही हिशेब जमत असेल, तरच पुढे जावे.

हे पीक टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट या भागांत पानपिंपरीच्या मळ्यांबरोबर सफेद मुसळीची लागवड होत आली आहे. तेथे हे पीक टिकले त्याचे कारण बेणे घरचे, कसब अंगवळणी पडलेले आणि व्यापारी परिचयाचे. ज्या गावी या तिन्ही गोष्टी नाहीत, तेथे आरंभ एक-दोन गुंठ्यांवरच करावा. घरचे बेणे वाढवीत दोन-तीन हंगाम अनुभव घ्यावा आणि नंतरच क्षेत्राचा विचार करावा. खरेदीची हमी कोणी देत असेल, तर करार लेखी असावा. त्यात दर, प्रत, मालाची अवस्था ओली की वाळलेली, आणि उचल करण्याची मुदत स्पष्ट नमूद असावी. मार्गदर्शनासाठी सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र, तालुका कृषी अधिकारी कार्यालय आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याशी संपर्क साधावा. अनुदानाच्या योजना वेळोवेळी बदलत असल्याने चालू वर्षाची माहिती कार्यालयातूनच घ्यावी.

रानातील मुसळी आणि ग्रामपंचायत

बाजारात येणारी मुसळी शेतातूनच येते असे नाही. निसर्गात वाढणाऱ्या मुसळ्या अनेक ठिकाणी झपाट्याने कमी झाल्या आहेत, आणि त्याचे मुख्य कारण अवेळी व समूळ खणणे हे आहे. ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात असताना रोप सहज सापडते, म्हणून ते तेव्हाच उपटले जाते. परिणामी बी पडत नाही, मूळ पक्व नसते, आणि खणणाऱ्याच्या हातीही हलका माल येतो. म्हणजे रान आणि माणूस या दोघांचेही नुकसान होते.

याबाबत कायद्याने गावाला अधिकार दिले आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थेच्या क्षेत्रात जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि गावातील जैविक संपत्तीची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. व्यापारासाठी होणाऱ्या संकलनावर शुल्क आकारण्याची तरतूदही त्यात आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आपल्या शेजारीच, नागपूर येथे आहे. वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचा उल्लेख असून, ज्यांचे वनहक्क मान्य झाले आहेत त्यांना हा वनोपज गोळा करण्याचा अधिकार आहे. तथापि बोर अभयारण्याच्या हद्दीत वनस्पती खणून नेण्यास मनाई आहे, याची जाणीव सर्वांस असली पाहिजे. हे वन १९७० साली अभयारण्य म्हणून आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेले आहे.

नोंदवहीत केवळ ‘मुसळी’ एवढेच लिहिले असेल तर त्या नोंदीचा उपयोग नाही. समितीने जुलै-ऑगस्टमध्ये जाणत्या व्यक्तीसह शिवारफेरी करावी आणि फुलाची लक्षणे, मुळांची रचना, जागा व अंदाजे संख्या नोंदवावी. ग्रामसभेने पुढील चार नियम संमत करावेत :

१. पाने पिवळी पडून बी गळून जाईपर्यंत, म्हणजे निदान ऑक्टोबरपर्यंत, खणती करू नये.

२. एका जागेवरील सर्व रोपे न काढता निदान निम्मी राखून ठेवावीत.

३. काढलेल्या प्रत्येक जुडग्याचा बुंधा एका मुळीसह त्याच खड्ड्यात परत लावावा.

४. ज्या जागी एका वर्षी खणती झाली, ती जागा पुढील दोन वर्षे मोकळी सोडावी.

यांपैकी तिसऱ्या नियमास कसलाही खर्च येत नाही. जी चकती नसेल तर शेतातले बेणे फुकट जाते, तीच चकती रानात परत ठेवली तर तेथील मुसळी पुन्हा फुटते.

शाळेतील एक वाफा

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना देशापुढे आली. हातांनी काम करता करता ज्ञान मिळवावे, हे तिचे सूत्र होते. त्या सूत्राचा प्रत्यय देणारा पाठ मुसळीच्या एका वाफ्यातून घेता येईल. शाळेच्या आवारात दोन मीटर लांबीच्या एका गादीवाफ्यावर जूनमध्ये चाळीस मुळ्या लावाव्यात. त्यांपैकी पाच जाणूनबुजून बुंध्याचा भाग काढून लावाव्यात व तेथे खूण करावी. त्या उगवत नाहीत हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिले म्हणजे बेण्याचा नियम त्यांच्या मनावर कायमचा ठसेल, आणि घरी जाऊन ती तो पालकांनाही सांगतील.

ऑगस्टमध्ये मुसळी, ग्लॅडिओलस आणि पावसाळी लिली यांची फुले शेजारी ठेवून पुंकेसर मोजावेत व किंजपुटाची जागा पाहावी. सप्टेंबरमध्ये पाने गळण्याची तारीख नोंदवावी. जानेवारीत जुडगे खणून वजन करावे, त्यांतील काही सोलून, वाळवून पुन्हा वजन करावे आणि शेकडेवारी काढावी. वनस्पतिशास्त्र, गणित आणि व्यवहार यांचे शिक्षण या एकाच वाफ्यावर होईल. निघालेले बेणे पुढील वर्षी गावातील दोन शेतकऱ्यांना प्रयोगासाठी देता येईल.

समारोप

सफेद मुसळी हे रातोरात श्रीमंत करणारे पीक नाही, तसेच दुर्लक्ष करावे असे रानटी गवतही नाही. योग्य जमीन, घरचे बेणे, वेळेवर काढणी आणि निश्चित बाजार असेल तेथे ती लहान शेतकऱ्यास पूरक उत्पन्न देऊ शकते. या गोष्टी नसतील तेथे तिच्यापासून दूर राहण्यातच शहाणपण आहे. कोणत्या गावाने काय करावे हे त्या गावानेच ठरवावयाचे आहे. मात्र तो निर्णय माहितीपत्रकातील आकड्यांवरून न घेता डोळ्यांनी पाहिलेल्या फुलावरून, हातांनी तोललेल्या मुळीवरून आणि कागदावर मांडलेल्या हिशेबावरून घेतला जावा. गावातील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी येत्या पावसाळ्यात एकत्र येऊन निदान एक शिवारफेरी काढली आणि आपल्या नोंदवहीत एक अचूक नोंद केली, तरी शेतकऱ्याची संभाव्य फसगत टळेल आणि रानातील मुसळीही पुढच्या पिढीस पाहावयास मिळेल.